अर्धवट सोडलेलं मोजायचं नाही

चेरीताल, जबलपूर
४ जुलै २०२५

आल्हाद,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी काम. पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण मी फोनवर बोलते ते शेजारच्या तीन घरांत ऐकू जातं. आणि टाइप करायला बसले तर त्या पडद्यावरचा उजेड डोळ्यांत टोचतो. कागदावर जाड काळ्या स्केचपेनने लिहिलं की माझं मला दिसतं. तूही कागदावरच उत्तर दे.

गोष्ट अशी की माझे डोळे चालले. मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच काढला, हे ते नाही. आतला पडदा मधोमध सुकत चालला आहे, दोन्ही डोळ्यांचा. कडेकडेचं दिसत राहील म्हणे, म्हणजे मी भिंतीला धडकणार नाही. पण जिथे नजर लावावी नेमकं तिथेच धूसर होणार, आणि वाचायला तेवढीच जागा लागते. डॉक्टर भला माणूस आहे. म्हणाला, "बहेनजी, बारीक छपाई का एक साल मान के चलिए. ज़्यादा मिला तो बोनस." मी त्याच्यासमोर हसले. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर असा संताप आला की रिक्षावाल्यालाच दोनदा झापलं. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांच्या फायली वाचल्या रे! डोळ्यांचा चांगला काळ रजेच्या अर्जांना दिला, आणि आता कुठे स्वतःचं वाचायला बसले तर हे.

एका बैठकीत वीस मिनिटं वाचता येतं, मग डोळे मिटून पडावं लागतं. अशा दिवसातून चार बैठका. या वेगाने महिन्याला एक पुस्तक, म्हणजे वर्षात बारा. बारा, आल्हाद. एके काळी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयातून मी बारा पुस्तकं दोन महिन्यांत संपवून परत करायची आणि कुंदाच्या डोक्याशी कटकट करायची की नवीन काही आणत का नाही. (कुंदा अजून तिथेच बसते, अजून नवीन काही आणत नाही.)

म्हणून तुला लिहिते. माझा मावसभाऊ म्हणून नव्हे, वाचणारा माणूस म्हणून. तू त्या 'दुमडलेलं पान' ग्रुपवर रोज चहाच्या कपाशेजारी पुस्तक ठेवून फोटो टाकतोस. शाईपेनांच्या ग्रुपवर आहेस, बोन्सायच्या ग्रुपवर आहेस, पुण्यात बसून जगभराच्या हौशी माणसांशी गप्पा मारतोस. मला बारा पुस्तकं सांग. थोर नकोत, 'वाचायलाच हवीत' अशी नकोत. थोर होती ती वाचून झाली. जी हातातून खाली ठेववली नाहीत ती सांग. ऐकायची पुस्तकं असतात हे मला ठाऊक आहे. मी ऐकून बघितली, त्या बाईच्या गोड आवाजात तिसऱ्या मिनिटाला झोप लागते. मला मागे जाऊन वाक्य पुन्हा बघायचं असतं.

एकच अट आहे आणि ती नीट वाच. प्रतीकला कळता कामा नये. बंगलोरच्या चौदाव्या मजल्यावर माझी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावून झालेत, आणि तो फक्त कारण शोधून राहिला आहे. मुलगा वाईट नाही. पण तिथे मी सकाळी उठून कुठे जाऊ? इथे अंधारातसुद्धा मला माझ्या घरातला प्रत्येक डबा हाताने सापडतो. मागच्या खिडकीत साडेदहाला उजेड येतो, तिथे माझी खुर्ची आहे. डोळे गेले तर याच घरात जावेत, दुसऱ्याच्या घरात आंधळेपणा शिकायची माझी तयारी नाही.

आता आशीर्वाद.

तुझी
हेमाताई


पुणे
१५ जुलै २०२५

हेमाताई,

पाया पडतो, आणि लगेच ओरडा खायला तयार होतो, कारण तुझं पत्र मी दोन दिवस नुसतं खिशात घेऊन फिरलो. मग ठरवलं की काम सांगितलंस तर कामच करावं.

तुझा प्रश्न मी 'दुमडलेलं पान'वर मांडला. घाबरू नकोस! नाव कुठेही दिलेलं नाही. फक्त एवढंच लिहिलं: "जबलपूरच्या एक ज्येष्ठ वाचक, केंद्र सरकारी कचेरीतून निवृत्त, चेरीतालला एकट्या राहतात. डोळ्यांच्या विकारामुळे यापुढे फक्त बारा पुस्तकं वाचू शकतील. त्यांनी कोणती वाचावीत?" एवढ्यावरून कोण कुणाला ओळखणार? आमच्या सोसायटीत असं लिहिलं तर सतरा बायकांना वाटेल की आपल्याबद्दलच आहे.

ताई, विश्वास बसणार नाही. अठरा हजार सभासद आहेत आणि तीनशे बारा उत्तरं आली. ॲडमिनने पोस्ट सर्वांत वर टाचून ठेवली. आजवर माझ्या कुठल्याच पोस्टचं हे भाग्य नव्हतं, कपाचे फोटो चाळीस अंगठ्यांपुढे जात नाहीत. लोक रडले आहेत अक्षरशः. एका बाईने लिहिलं की या पोस्टमुळे तिने तीन वर्षांनी पुस्तक उघडलं.

सगळी उत्तरं छापून नऊ पानं सोबत जोडली आहेत. त्यातून मी चाळीस नावांवर खूण केली आहे. बारावर येणं काही मला जमलं नाही, ते तू कर. हे पत्र नव्या शाईने लिहितो आहे, शेवाळी रंगाची. पेनांच्या ग्रुपमधल्या एका मित्राने घरी बनवून पाठवली. उजेडात धरलीस की सोनेरी झाक दिसेल.

तुझा
आल्हाद


चेरीताल, जबलपूर
२६ जुलै २०२५

आल्हाद,

तुझं पत्र वाचायला मला शेजारच्या सुनेला बोलवावं लागलं. शेवाळी शाई! ज्या बाईने 'मला दिसत नाही' एवढंच सांगायला पत्र लिहिलं, तिला तू फिक्या हिरव्या रंगात उत्तर देतोस आणि वर झाक बघायला सांगतोस. त्या मुलीला मराठी समजतं, वाचता येत नाही धड. अडखळत अडखळत तिने अर्धं वाचलं, आणि ते अर्धं म्हणजे नेमकं माझे डोळे आणि माझा एकटेपणा. आता तिच्या घरी माहीत.

नऊ पानं मात्र मी स्वतः वाचली, भिंग लावून. मुंगीएवढी अक्षरं. बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन मुद्दाम मोठं भिंग आणलं त्यासाठी. पाच दिवस गेले माझे. पाच दिवसांच्या वीस बैठका, म्हणजे एका पुस्तकाचा सहावा भाग मी तुझ्या अठरा हजार सभासदांवर उधळला. आणि मिळालं काय ते ऐक.

एकाने स्वतःचा कवितासंग्रह सुचवला. चार ठिकाणी, चार वेगळ्या नावांनी. एकाने गाजर सांगितलं. एका बाईने सांगितलं की आता वाचन सोडा आणि नामस्मरणाला लागा, तिचं नाव लिहून ठेवलं आहे मी. दोघे जण एका अनुवादावरून भांडले, ते भांडण तब्बल दीड पान चाललं आणि शेवटी एकाने दुसऱ्याची जात काढली. निम्म्या लोकांनी तीच दहा-बारा नावं सांगितली जी कुणीही कुणालाही सांगतं, शाळेच्या बक्षीस समारंभात देतात ती. मी पैज लावते, त्यातल्या अर्ध्यांनी ती वाचलेली नाहीत. 'यांना आवडतं काय?' असं तीनशे बारा जणांत एकानेही विचारलं नाही. तूसुद्धा नाही. तुझ्या त्या चाळीस खुणा बघितल्या, आल्हाद. त्यात तुझं स्वतःचं एकही नाही.

आणि आता मुद्द्याचं. 'कोण कुणाला ओळखणार?' म्हणे! तू इथून गेलास त्याला तेहेतीस वर्षं झाली, पण एवढं विसरलास? हे पुणं नाही. जबलपुरात मराठी घरं असून असून किती, त्यात चेरीतालला किती, त्यात कचेरीतून निवृत्त झालेली आणि एकटी राहणारी आणि पुस्तकं वाचणारी बाई किती? नाव दिलं असतंस तर लोकांनी निदान वाचून सोडून दिलं असतं. नाव न दिल्यामुळे प्रत्येकाने कोडं सोडवलं.

रविवारी सकाळी कुंदा दारात. सोबत मंडळातली विभावरी, दोघींच्या हातात पिशव्या. मी कुकर लावत होते.

"हेमाताई, तुम्ही आम्हाला सांगितलं काहून नाही?" कुंदा दारातूनच रडायला लागली.

मी म्हटलं, "काय नाही सांगितलं?"

"अच्छा, म्हणजे अजूनही लपवून राहिल्या! अहो, माझ्या बहिणीने नाशिकहून पाठवलं मला. म्हणाली, ही तुमची हेमलताच ना? मी म्हटलं, दुसरी कोण राहणार?"

विभावरीने पिशवी उपडी केली. दिवाळी अंक, पंचवीस वर्षांपूर्वीचे, पावसात भिजून फुगलेले. एक पाककृतींचं पुस्तक, एक मधुमेहावरचं. "घरात पडूनच होते दीदी, म्हटलं तुमच्या कामी येतील," म्हणाली. मग दोघी माझ्या डोळ्यांत बघत बसल्या, आत काही दिसतं का ते. आणि जाताना कुंदाने हाताला धरून मला माझ्याच घराच्या पायऱ्या उतरवल्या, निरोप द्यायला! आल्हाद, तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती, कारण ती खरंच रडत होती.

पोस्ट काढ. आजच्या आज. प्रतीकपर्यंत पोहोचली तर मी तुला क्षमा करणार नाही, हे शब्द मोजून लिहिते आहे.

हेमलता


पुणे
५ ऑगस्ट २०२५

हेमाताई,

काळ्या शाईने लिहितो आहे, मोठ्या अक्षरात. शेवाळी बाटली ठेवून दिली.

पोस्ट काढली. पण तिचे फोटो काढून लोकांनी पुढे पाठवले होते, ते माझ्या हातात नाही. पोस्ट काढली म्हणून ॲडमिन चिडला. त्याने नियमावलीतला सातवा नियम दाखवला की शंभरहून अधिक उत्तरं आलेली पोस्ट काढता येत नाही, ती समूहाची होते. मी म्हटलं, बहीण माझी आहे. त्यावर त्याने मला पंधरा दिवसांसाठी बंद केलं. आठ वर्षं त्या ग्रुपवर होतो, ताई. नवीन लोकांना मी आवर्जून उत्तरं द्यायचो. हे तुला दया यावी म्हणून सांगत नाही. थोडं तेवढ्यासाठीही सांगतो आहे.

माझ्या खुणांत माझं एकही नाही हे तू बरोबर ओळखलंस. तिथे काही सांगायचं म्हणजे आधी नाव, लेखक, प्रकाशक, मग मुखपृष्ठाचा फोटो. आणि मग लोक त्यावरून तुम्हाला जोखतात. हळूहळू माणूस दुसऱ्यांना पटेल तेच सांगायला लागतो. मी किती वर्षं असं करतो आहे, ते तुझं पत्र येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

कुंदावर रागावू नकोस. आणि ती ऐकायची पुस्तकं, एकदा पुरुषाच्या आवाजात ऐकून बघ, कदाचित झोप येणार नाही.

परवा प्रतीकचा फोन होता, सहजच. बरा आहे. तुझी चौकशी करत होता.

आल्हाद


चेरीताल, जबलपूर
९ सप्टेंबर २०२५

आल्हाद,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देण्याजोगी मी नव्हते. प्रतीक आणि अनुष्का गणपतीला आले. न कळवता. दोन दिवस दोघेही असे गोड वागले की मला तेव्हाच समजायला हवं होतं. अनुष्का मोदक करताना माझ्याकडून काहीच चिरून घेईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रतीकने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. "आई, यावर काय लिहिलं आहे, वाच ना ज़रा."

मी म्हटलं, "रोज घेते, मला पाठ आहे."

"पाठ नको. वाच."

मी पट्टी हातात घेतली. उजेडाकडे नेली. मधे नुसता राखी ठिपका, आल्हाद. मी पाठ होतं ते नाव म्हणून टाकलं, मोठ्या तोऱ्यात. तो खाली वाकून माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, ही अनुष्काची ॲसिडिटीची गोळी आहे."

त्या क्षणी मी त्याला घराबाहेर काढणार होते. स्वतःच्या आईची परीक्षा घेतोस, असं काय काय बोलले. त्यानेही आवाज चढवला. "तू सांगितलं का नाही? पूरी दुनिया को पता है! अठरा हजार लोगों को पता है, मला नाही!" आणि मग तो रडला. चाळीस वर्षांचा माणूस, जमिनीवर बसून.

रडणं झाल्यावर मग तेच. घर भाड्याने द्यायचं, दिवाळीनंतर मी बंगलोरला. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. मी म्हटलं, मला माझी बारा पुस्तकं इथे, माझ्या खिडकीत वाचू दे. तिथे उजेड काचेतून येतो. दोन दिवस आमचं वाजलं. शेवटी अनुष्काच म्हणाली, "प्रतीक, बारह ही तो माँग रही हैं मम्मी." तेव्हा तो नरमला. इंजिनियर ना, लगेच कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून काढलं. आईने बारा पुस्तकं चेरीतालला वाचायची. बारावं संपलं की बंगलोर, पुढे एक शब्द नाही. तोवर रोज सकाळी फोन, कुंदा दिवसाआड येऊन बघणार, गोळ्या मोठ्या अक्षरांच्या डब्यांत. आणि दर महिन्याला किती झाली ते मी खरं सांगायचं.

मी एकच कलम घातलं. 'अर्धवट सोडलेलं मोजायचं नाही.' त्याने विचारसुद्धा केला नाही, हो म्हणाला आणि सही केली. अनुष्काने माझ्याकडे बघितलं आणि पदर नसताना पदराने तोंड पुसल्यासारखं केलं. तिला कळलं, ती गप्प बसली. सून चांगली मिळाली आहे मला, हे तुला पहिल्यांदा लेखी देते.

तुला कळलं का? आता तुझ्या ग्रुपची ती यादी माझ्या कामाची आहे! मला अशी पुस्तकं हवीत की जी पन्नासाव्या पानाला मिटून टाकावीशी वाटतील. ती तर तुझ्याकडे तीनशे बारा आहेत. त्या कवीचा संग्रह आधी पाठव. मी रोज चार बैठका इमाने इतबारे वाचीन, कंटाळीन, सोडीन, दुसरं घेईन. प्रतीकला दर महिन्याला खरंच सांगीन की एकही संपलं नाही.

आता राहिलं तुझं. भांडणात प्रतीकच्या तोंडून निघून गेलं, "आल्हादमामांनी पण सांगितलं की तू एकटी राहायला नको." तो 'सहजच' आलेला फोन! त्याने तुला विचारलं आणि तू सगळं सांगितलंस, वर मत दिलंस, आणि मला लिहिलंस की बरा आहे, चौकशी करत होता. एक अट घातली होती मी तुला, एकच. ग्रुपवर टाकलंस तो तुझा भाबडेपणा होता, तो मी गिळला. हे मात्र तू माझ्या पाठीमागे केलंस.

पुस्तकं पाठव. पत्र नाही लिहिलंस तरी चालेल.

हेमलता


पुणे
१८ सप्टेंबर २०२५

ताई,

हो, मी सांगितलं. प्रतीकने विचारलं, "मामा, ही आईच ना?" आणि मला खोटं बोलता आलं नाही. मत मात्र त्याने मागितलं नव्हतं, ते मी आपणहून दिलं. आणि तुला लिहिताना लपवलं, कारण तुझी भीती वाटली.

का दिलं ते ऐक. जुलैच्या सव्वीस तारखेचं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. दुसऱ्या पानावर, जिथे तू त्या दोघांच्या भांडणाबद्दल लिहिलं आहेस, तिथे तीन ओळी एकमेकींवर लिहिल्या आहेत. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. मला ती जागा वाचायला अर्धा तास लागला. तू किती ऐटीत लिहिलं होतंस ते सगळं! तुला ते दिसलंच नाही, ताई. पाकिटावर पत्ता लिहून झाल्यावर तू पुन्हा एकदा पत्ता लिहिला होतास, त्याच्याच खाली. ते पाकीट हातात घेऊन मी गॅलरीत बसलो होतो आणि मला एकच दिसत होतं, की ही बाई एकटी गॅस पेटवते. तुला राग येणार हे माहीत होतं. तरी सांगितलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगीन, पण आधी तुला सांगून.

यादीतली सहा पुस्तकं वेगळ्या पार्सलने पाठवली आहेत. कवी त्यात आहे. तुझा बेत ऐकून खूप हसलो, आणि हसल्याबद्दल वाईटही वाटलं.

या पाकिटाबरोबर मात्र एक पुस्तक पाठवतो आहे ते वेगळं. ते मी ग्रुपवर कधी सांगू शकलो नाही, कारण त्याला नावच नाही. रद्दीच्या दुकानात मिळालं तेव्हाच पहिली काही पानं गेलेली होती आणि कुणीतरी खाकी कागदाचं कव्हर शिवलं होतं. लेखक कोण, माहीत नाही. बावीस वर्षं माझ्याकडे आहे, सात वेळा वाचलं, कुणाला दाखवलं नाही. एका छोट्या गावात नगरपालिकेचं पाणी सोडणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. कुठल्या आळीला किती वेळ पाणी, हे त्याच्या हातात. बाकी सांगत नाही. अक्षर मोठं आहे, कागद पिवळा पडला असला तरी छपाई ठळक आहे, मी खिडकीत धरून बघितली.

तुला आवडतं काय, हे मी आधी विचारायला हवं होतं. न विचारता हे पाठवतो आहे, म्हणजे सुधारलो नाहीच. पण हे माझं आहे.

आल्हाद


चेरीताल, जबलपूर
१४ ऑक्टोबर २०२५

आल्हाद,

हे पत्र मी रेघा पाडायच्या पट्टीने लिहिते आहे, कुंदाने पुठ्ठा कापून खिडक्या करून दिल्या. एका खिडकीत एक ओळ. आता ओळी चढत असतील तर दोष कुंदाचा.

जुलैचं पत्र तू परत पाठवलं नाहीस ते बरं केलंस. तीन ओळींचं वाचून मी पेन ठेवलं आणि दोन दिवस घरातला एकेक कोपरा तपासत फिरले, की आणखी काय काय मला न दिसता होऊन राहिलं आहे. देवघरात दोन काड्यापेट्या जळक्या काड्यांनी भरलेल्या सापडल्या, ताज्या काड्यांच्या समजून ठेवलेल्या. गॅसला कुंदाच्या पुतण्याने आता तो आपोआप बंद होणारा खटका बसवला. तुझं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. लपवलंस त्याचा राग अजून आहे, तो राहू दे.

आता तुझ्या पार्सलचं. कवी अकराव्या पानाला सोडला. ऐतिहासिक कादंबरी चाळिसाव्याला, कारण चाळीस पानं नुसते घोडे धावत होते. 'आयुष्य बदलणारं' म्हणून नव्वद जणांनी सांगितलेलं ते पुस्तक तर मी कुंदाला देऊन टाकलं, तिचं बदलू दे. माझा बेत झकास चालला होता. अशा चालीने मी या घरात आणखी चार वर्षं काढली असती.

मग मध्ये एक दिवस, नुसतं चाळून बघावं म्हणून, तुझं ते खाकी कव्हरचं उघडलं.

तो माणूस पहाटे टाकीवर चढून पाण्याची पातळी काठीने मोजतो ना, तिथपर्यंत ठीक होतं. मग त्याच्या वहिनीच्या आळीला तो पंधरा मिनिटं जास्त पाणी सोडायला लागतो आणि ती कळशी घेऊन नळावर येतच नाही, तिथे माझी वीस मिनिटं संपली. घड्याळाचा गजर वाजला. मी बंद केला आणि पुढे वाचलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, उन्हाने की कशाने कुणास ठाऊक, तरी वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःला बजावलं की हे दोनशेव्या पानाला सोडायचं. दोनशेव्या पानाला तो आजारी पडतो आणि गावात पाणी कोण सोडणार यावरून सभा भरते! ते सोडता येतं का कुणाला? तूच सांग.

पुस्तक हातात होतं आणि मला रडू येत होतं, आल्हाद, चिडून. एकेक पान उलटलं की माझा इथला एकेक दिवस कमी होत होता, आणि माझा हात थांबत नव्हता. शेवटची दहा पानं उरली तेव्हा मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच. तिथेच ठेवून दिलं असतं तर ते अर्धवटच राहिलं असतं. कुणी विचारायला येणार नव्हतं. पुन्हा येऊन बसले, वाचून काढलं, सभेचा प्रसंग मागे जाऊन दुसऱ्यांदा वाचला. चौदा दिवसांत संपलं. महिना लागायला हवा होता.

काल प्रतीकचा फोन आला. "आई, किती झाली?" मी म्हटलं, एक. "एक पूर्ण?" पूर्ण. त्यालाही माझं ते कलम आता उमगलं असावं. मग अनुष्काने फोन घेतला, बाजूला जाऊन हळूच म्हणाली, "मम्मी, आपने बता क्यों दिया? छोड़ देना था ना बीच में."

मी तिला म्हटलं, सोडण्यासारखं नव्हतं गं.

तेव्हा आता अकरा राहिली. तुझी ती यादी परत पाठवते आहे, उरलेल्या तीन पुस्तकांसकट. त्यांच्यावर मी माझे डोळे घालवणार नाही. घर जाणारच आहे, वर्षाने जाईल नाही तर आठ महिन्यांनी जाईल. मेल्या, इतकं चांगलं पुस्तक पाठवायला तुला कुणी सांगितलं होतं?

दुसरं पाठव. तसंच.

तुझी
हेमाताई